वरून ओतलेलं पाणी

शाळेचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. सुरुवातीच्या पानांवर उद्देशिका असते, राष्ट्रगीत असतं, प्रतिज्ञा असते आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्यंही असतात. मग ते पुस्तक मराठीचं असो, गणिताचं असो की भूगोलाचं. मूलभूत हक्क मात्र तिथे नसतात. ते आत, नागरिकशास्त्राच्या एखाद्या पाठात असतात, आणि तो पाठ येईपर्यंत सहामाही तोंडावर आलेली असते. रायगड जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तेहेतीस वर्षं मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. ही पहिली पानं मी किती वेळा उलटली असतील याची गणती नाही.

कर्तव्यांशी माझं काही वैर नाही. झाडं जपावीत, भांडणं टाळावीत, राष्ट्रध्वजाचा मान राखावा, हे मीही मुलांना सांगितलं. पण कर्तव्यं घटनेत आली ती १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, आणीबाणी चालू असताना. हक्क पहिल्या दिवसापासून होते. जे आधीपासून होतं ते माजघरात आणि मागाहून आलेलं ओटीवर, ही मांडणी मला कधी पटली नाही. दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना विचारायची, "या पानावर काय नाहीये, सांगा." कुणालाच सांगता यायचं नाही. जे छापलेलंच नाही, ते मुलांना दिसणार कसं?

मुलांना हक्क पाठ असतात. समानतेचा, स्वातंत्र्याचा, शोषणाविरुद्धचा, धार्मिक स्वातंत्र्याचा, सांस्कृतिक आणि शैक्षणिक. पाच बोटांवर पाच धडाधड येतात, आणि सहाव्याला गाडी अडते. 'संविधानात्मक उपाययोजनेचा हक्क.' नाव लांब, जीभ अडखळते. परीक्षेत सर्वांत जास्त चुका याच ओळीत. मला मात्र हे सहावं नाव नववीत असल्यापासून पक्कं आहे, आणि त्याला कारण आमचे सर.

१९७७ चा जून. आमच्या वर्गावर नागरिकशास्त्राला जे सर आले ते दोन वर्षांपूर्वी याच शाळेत शिकवत होते, असं मोठी मुलं सांगायची. मध्यंतरी ते 'मिसा'खाली, म्हणजे खटला न चालवता डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, नाशिकच्या तुरुंगात होते. जाताना काळे असलेले त्यांचे केस येताना पांढरे झाले होते. तुरुंगातल्या गोष्टी सांगा म्हणून आम्ही मागे लागायचो. ते सांगायचे नाहीत. एकदाच सांगितलं, ते असं की आपल्याला का धरलं हे शेवटपर्यंत कुणी त्यांना सांगितलं नाही. सांगायचंच नाही, असा कायदाच करून ठेवला होता. मग त्यांनी फळ्यावर एकाखाली एक तीन आकडे लिहिले: १४, २१, २२. समानता, जीवित आणि देहस्वातंत्र्य, अटकेतलं संरक्षण. म्हणाले, "हे तीन अनुच्छेद कुणी खोडले नव्हते. पुस्तकात होते तसेच होते. २७ जून १९७५ ला राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला, की या तिघांसाठी कुणालाही कोर्टात जाता येणार नाही. बस, एवढंच केलं." आणि शेजारी ३२, म्हणजे हक्कांसाठी कोर्टात जाण्याचा तो सहावा हक्क, लिहून त्याच्याभोवती त्यांनी खडूने दाराची चौकट काढली.

ती चौकट माझ्या डोळ्यांपुढून गेली नाही. पुढे स्वतः शिकवायला लागल्यावर मी त्या काळाबद्दल मिळेल ते वाचलं. नऊ उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं की आणीबाणी असली तरी स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ ला ते उलटवलं. चार विरुद्ध एक. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारच्या सर्वोच्च वकिलांना, महान्यायवादींना, विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैरापोटी माणूस ठार मारला तरी दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. तो एकटा विरोधी निकाल खन्नांचा. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून त्यांच्यामागच्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत एक आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात त्यांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, तो निकाल चुकीचा होता असं स्वच्छ लिहिलं. मी ते वाचलं तेव्हा सर हयात नव्हते. त्यांना सांगावंसं फार वाटलं.

आणीबाणी संपल्यावर चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने एक महत्त्वाची गोष्ट केली. यापुढे आणीबाणीतही २० आणि २१ या अनुच्छेदांचं दार बंद करता येणार नाही. २२ मात्र त्या यादीत नाही. अटक झालेल्या माणसाला कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभा करा, हे सांगणारा अनुच्छेद तो. आणि त्याच अनुच्छेदात पुढे प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठी, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच माणसाला डांबून ठेवण्यासाठी, त्यातून सूटही आहे. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं ते मला वाटतं, आणि हे मी वर्गात लपवलं नाही.

पण हक्काचा खरा अर्थ मला सरांच्या आधी, नकळत, आजोळी दिसला होता. त्याला तेव्हा नाव नव्हतं.

आजोळ कोकणातच. घरामागे परडं, परड्यात रहाटाची विहीर. दुपारची झोप झाली की वाडीपलीकडच्या बाया हंडे-कळश्या घेऊन यायच्या आणि विहिरीपासून दहा-बारा पावलांवर, जांभ्याच्या गडग्याशी, थांबायच्या. आजी पाणी शेंदायची, गडग्यापर्यंत न्यायची आणि त्यांच्या हंड्यात वरून ओतायची. धार उंच धरायची, म्हणजे पोहरा हंड्याला लागायचा नाही. साल १९७०-७१ असेल, मी सात-आठ वर्षांची. आजीने कधी कुणाला परत पाठवलं नाही. मे महिन्यात विहीर तळाला गेली, आम्हा पोरांच्या आंघोळी बंद झाल्या, तरी गडग्याशी उभी असलेली बाई रित्या हंड्याने गेली नाही. गावात तिला दयाळू म्हणत. आम्हा नातवंडांना तिचा फार अभिमान वाटायचा.

एके दिवशी माझ्याच वयाची एक मुलगी आईबरोबर आली होती. आजी आत काही आणायला गेली होती. मुलगी सरळ विहिरीपाशी गेली आणि तिने दोराला हात घातला. खोडी काढायची म्हणून नव्हे, आजीला यायला वेळ लागतोय तर आपणच काढू, एवढ्याच सरळ मनाने. आजी बाहेर येऊन काही बोलणार, त्याआधी त्या मुलीच्या आईनेच तिच्या थोबाडीत दिली. आजी कळवळली. "लेकरू ते, मारतेस काय?" म्हणाली, आणि मुलीच्या हातावर वरून गुळाचा खडा टाकला. बायका पाणी घेऊन गेल्या. संध्याकाळी आजीने विहिरीचा दोर बदलला.

कुणाला ओरडली नाही, कुणाला काही बोलली नाही. जुना दोर काढून गोठ्यात टाकला आणि नवा लावला. मी रहाटापाशी उभी राहून बघत होते. ती मुलगी माझ्याशी कधी बोलली नव्हती, तिचं नावही मला ठाऊक नव्हतं, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. का, ते सांगता येत नव्हतं. देशाची घटना तेव्हा वीस वर्षांची झाली होती. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असं सांगणारा सतरावा अनुच्छेद संविधान सभेने २९ नोव्हेंबर १९४८ ला जयघोषात मंजूर केला होता. तो आमच्या परड्यापर्यंत पोचला नव्हता.

माझी शाळा महाडपासून फार लांब नव्हती. दर मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी, मी नववीच्या मुलांना एसटीने चवदार तळ्यावर न्यायची. मुलं पायऱ्यांवर बसायची आणि मी त्यांना सालं सांगायची. सालं म्हटली की मुलांना जांभया येतात, पण या सालांना नाही यायच्या, कारण मी ती मागच्या पुढच्या प्रश्नासकट सांगायची.

ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या, राखलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत, शाळांत, दवाखान्यांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. "मग पाणी प्यायला कधी गेले?" मी विचारायची. मुलं हिशेब करायची. चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. तीन वर्षं तळं कागदावर खुलं होतं आणि पायऱ्यांवरून कुणी उतरलं नव्हतं. उतरलं तर काय होईल, हे सगळ्यांना माहीत होतं.

२० मार्च १९२७ ला महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतली माणसं भर उन्हात रांगेने निघाली. पुढे बाबासाहेब. ते पायऱ्या उतरले, ओंजळभर पाणी घेतलं आणि प्यायले. मागून हजारोंनी ते केलं. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई थोड्याच वेळात गावात उठली आणि जेवायला बसलेल्या, परतीला लागलेल्या माणसांवर लाठ्याकाठ्या घेऊन लोक तुटून पडले. त्यानंतर तळ्याची शुद्धी झाली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत पाण्यात ओतल्या. या १०८ घागरींपाशी आले की दर वर्षी माझा आवाज बसायचा. मला आजीचा दोर दिसायचा. काठी घेऊन कुणावर धावली नसती माझी आजी, मरेपर्यंत नाही. पण घागरी ओतणाऱ्यांत आणि दोर बदलणारीत अंतर किती, हे मला कधी धडपणे मोजता आलेलं नाही, आणि ते मी मुलांना तसंच सांगितलं. माझ्या घरातली गोष्ट आहे हेही सांगितलं.

नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, पुन्हा हजारो माणसं महाडला आली, आणि त्याआधीच काही रहिवाशांनी कोर्टातून तात्पुरता मनाईहुकूम आणलेला. बाबासाहेबांनी त्या परिषदेची तुलना फ्रान्समधल्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी केली. जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा ठराव म्हणून मंजूर झाला, मनुस्मृती जाळली. पाण्याला मात्र हात लावला नाही. मनाईहुकूम पाळायचा, असं त्यांनी चिडलेल्या, ठरवून आलेल्या माणसांना समजावलं. तळ्याभोवतालून मिरवणूक गेली आणि माणसं तहानेली परतली. इथे दर वर्षी एखादा मुलगा चिडायचा. "बाई, का पाळला?" या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. एवढंच सांगायची, की तो माणूस वकील होता आणि त्याला ते पाणी कोर्टाच्या दारातूनच आणायचं होतं. एकदा आणलं की कुणाला परत ओतून टाकता येऊ नये म्हणून.

पाणी यायला दहा वर्षं लागली. वादींचं म्हणणं असं, की तळं खासगी आहे आणि अनादि काळापासून इथे अस्पृश्यांना न येऊ देण्याची रूढी आहे. खटला खालच्या कोर्टातून वर सरकत शेवटी रूढीच्या प्रश्नावर येऊन ठेपला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला, की अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. आंबेडकर जिंकले.

मी तरुण असताना हा निकाल मुलांना मोठ्या उत्साहाने सांगायची. पुढे नीट विचार केला तेव्हा अंगावर काटा आला. निकाल लागला तो रूढी पुरेशी जुनी ठरली नाही म्हणून. समजा वादींनी जुनी दप्तरं, जुने साक्षीदार आणले असते? समजा रूढी खरोखरच तेवढी जुनी निघाली असती? माणसाने पाणी प्यावं की नाही, हा प्रश्न कोर्टापुढे त्या शब्दांत आलाच नव्हता. पुरावा तोकडा पडला म्हणून तळं मिळालं.

आता घटना उघडा. १३ वा अनुच्छेद सांगतो की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे तेवढ्यापुरते शून्य, आणि 'कायदा' या शब्दात कोणकोणत्या गोष्टी येतात त्याची यादी देतो. त्या यादीत अध्यादेश, आदेश, नियम यांच्या ओळीत रूढीही बसवली आहे. कायद्याचं बळ असलेली रूढी. म्हणजे यापुढे रूढी किती जुनी, याचे साक्षीदार तपासायची गरज नाही. हजार वर्षांची असो, हक्काच्या आड आली की संपली. पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा खंड त्याहून उघड आहे. दुकानं, उपाहारगृहं यांच्यानंतर तो विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावं घेतो, आणि अट कोणती, तर सरकारी पैशाने राखलेले किंवा लोकांसाठी दिलेले. बोल्यांच्या ठरावातली तीच अट. देशाच्या घटनेत, जिथे राष्ट्रपती आणि संसद आणि सर्वोच्च न्यायालय यांची वर्णनं आहेत, तिथे 'तलाव' हा शब्द आहे. चवदार तळ्याच्या पायरीवर बसून मुलांना हा खंड वाचून दाखवला, की बोलायचं काही उरायचं नाही. एखादी मुलगी पाण्याकडे बघत राहायची.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. बहुतेक मूलभूत हक्क सरकारपासून संरक्षण देतात. बोलण्याचं स्वातंत्र्य सरकारने हिरावू नये, पोलिसांनी मनमानी अटक करू नये, वगैरे. पण विहिरीचा हक्क, अस्पृश्यतेचा नाश, वेठबिगारीची बंदी, हे शेजाऱ्यालाही बांधून घेतात. गावाला बांधतात. माझ्या आजीला बांधतात. आपल्याकडे माणसाला चोवीस तास जो धाक असतो तो कलेक्टरचा नसतो, चार घरांपलीकडच्या माणसांचा असतो, हे घटना लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

आणि हे मला ठाऊक असून मी काय केलं, ते आता लिहिते.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीत एक मुलगा होता, बारीक, कामसू, अक्षर सुंदर. त्याचे वडील मिनिडोर चालवायचे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध त्यांनी अर्ज भरला. माघार घ्यायला सांगितलं, घेतली नाही. घर वाळीत टाकलं. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या गाडीत कुणी बसेना. दुकानदार मीठ-तेल देईना, पिठाची चक्की बंद. त्यांच्याशी जो बोलेल त्याला दंड, असं गावकीच्या बैठकीत ठरलं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर नाचत गेली आणि त्यांच्या अंगणासमोरून तशीच पुढे गेली. सारवून, रांगोळी काढून, ओटीचं सामान ताटात घेऊन त्याची आई दारात उभी होती, असं वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं. ते घर सवर्णांतच मोडणारं, म्हणजे अस्पृश्यताविरोधी कायद्याचाही त्यांना उपयोग नव्हता.

त्या वर्षी हक्कांचा पाठ शिकवून झाल्यावर तो टेबलापाशी आला. "बाई, हा सहावा हक्क कुठे मिळतो?"

मी म्हटलं, "सर्वोच्च न्यायालयात. दिल्लीला. नाहीतर मुंबईला, उच्च न्यायालयात."

"मुंबईला कुठे?"

"फोर्टात." त्यापुढे मलाही माहीत नव्हतं. कोणापुढे अर्ज द्यायचा, वकील कुठला, पैसे किती, काहीच नाही. बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत या अनुच्छेदाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं, हे मी त्याला पाच मिनिटांपूर्वी वर्गात सांगितलं होतं. वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. तो "बरं" म्हणाला आणि गेला.

गणपतीत त्यांच्याकडे आरतीला घरची चार माणसं सोडून कुणी नव्हतं. मीही गेले नाही. माझं भाड्याचं घर त्याच गावात, घरमालक गावकीतले. माझी मुलगी लहान. कारणं होती आणि ती खरी होती. तरीही मी रोज वर्गात त्याच्यासमोर उभी राहून समानतेचा हक्क शिकवत होते आणि संध्याकाळी त्याच्या दारावरून मान खाली घालून जात होते.

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर त्याच्या वडिलांनी गावकीपुढे नारळ ठेवला, माफी मागितली, दंड भरला. घर गावात घेतलं. पालखी त्यांच्या अंगणात आली, जरा जास्तच वेळ नाचली. आई रडली म्हणे, आनंदाने. मुलगा मागच्या बाकावर बसायला लागला. नंतर त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. दहावी झाल्यावर पनवेलकडे कामाला गेला, एवढंच कानावर आलं.

ते प्रकरण चालू असताना आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. एकदा होता. मुंबई राज्याने १९४९ साली जातीतून किंवा धर्मसमाजातून बहिष्कृत करण्याला बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्कही घटनेतच आहे, २६ व्या अनुच्छेदात, आणि बहुमताने त्या हक्काच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचा एकट्याचा विरोध होता. घटनेच्या एकाच भागातले दोन हक्क एकमेकांसमोर उभे राहिले आणि त्यात एकटा माणूस हरला, असं मला वाटतं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न पुन्हा पाहण्यासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली नवा कायदा मंजूर केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. रायगडच्या गावागावांतून आलेल्या तक्रारी या कायद्यामागे होत्या. त्या तक्रारी करणाऱ्यांनी नारळ ठेवला नव्हता. ते कोर्टाच्या पायऱ्या चढले होते, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेले होते, त्या काळात त्यांची घरंही दारं लावून बसली होती. तीन वर्षं खुल्या तळ्याकडे नुसतं बघत बसलेली माणसं आणि मग एके दिवशी उतरलेली माणसं, यांच्यातला फरक मी मुलांना इतकी वर्षं सांगत होते. मी कुठल्या बाजूला उभी होते ते मला माहीत आहे.

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या पूर्ण वर्षात मी एक काम केलं. नववीच्या मुलांकडून मोठ्या कार्डशीटवर १४ ते ३२ अनुच्छेद त्यांच्या अक्षरात, सोप्या मराठीत लिहून घेतले आणि भिंतीवर लावले, मूलभूत कर्तव्यांच्या तक्त्याच्या शेजारी. देहस्वातंत्र्याचा एकविसावा अनुच्छेद एका मुलीने लाल रंगात लिहिला. बंदी प्रत्यक्षीकरण म्हणजे 'धरलेल्या माणसाला आमच्यापुढे आणून उभा करा', हे मुलांना इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत ते एकमेकांना पकडून तेच ओरडायचे. तक्ता भरत आला आणि ३२ च्या खाली चार बोटं जागा उरली.

त्या शनिवारी मी तालुक्याच्या कोर्टात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. आवारात वकिलांची टेबलं, झाडाखाली वाट बघणारी माणसं, टायपिंगचा खडखडाट. तालुका विधी सेवा समिती कुठे बसते ते विचारत विचारत गेले. तिथल्या माणसाने शांतपणे सगळं सांगितलं. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, कैदी यांना वकील फुकट मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो, लिहिता येत नसेल तर ते लिहून घेतात. फोनसाठी १५१०० हा नंबर आहे. इथूनच उच्च न्यायालयाच्या समितीकडेही कागद जातो. सगळं ऐकून झाल्यावर मी विचारलं, हे दहा-बारा वर्षांपूर्वीही असंच होतं का? तो म्हणाला, "हो बाई, कायदा तर १९८७ चा आहे."

सोमवारी मी त्या चार बोटं जागेत पत्ता लिहिला. कोर्टाची इमारत, खोलीचा नंबर, खाली १५१००. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "बाई, हे परीक्षेला आहे?"

मी म्हटलं, "नाही."

तिने तरीही वही उघडली आणि लिहून घेतलं.